धानाच्या बियाण्याला मिठाचं पाणी देता? मग या चुका टाळा

मिरग तोंडावर आला की आमच्या भंडारा-गोंदियाकडे पऱ्हे (धानाची रोपं) टाकायची घाई, अन् त्याच घाईत मिठाच्या पाण्याचा घोळ होते. पेरायच्या आधी बियाणं मिठाच्या पाण्यात टाकून निवडायचं, हिशोब तसा सोपा, 10 लिटर पाण्याला 300 ग्रॅम मीठ, पोचट धान वर तरंगते, भरलेलं खाली बसते. तरी मागच्या साली मी फसलोच. ड्रममध्ये खड्याचं मीठ ओतलं, काडीनं दोन गरके मारले, धान सोडलं, वर आलं जेमतेम मूठभर. म्हटलं वा राजेहो, बियाणं एक नंबर! ड्रम रिकामा केला तर बुडाला मिठाचे खडे जसेच्या तसे.

मीठ टाकलं म्हणजे विरघळलं, असं नसते. खड्यात सोडियम अन् क्लोराइडचे कण एकमेकाला घट्ट धरून असतात, पाण्याचे रेणू त्यातला एकेक कण ओढतात, चारही बाजूनं घेरतात अन् घेऊन जातात. हे काम खड्याच्या बाहेरून आत चालते, म्हणून जाडा खडा वेळ खाते अन् बारीक मीठ पटकन जाते. त्यात खारं पाणी जड, नाही ढवळलं तर ते खालीच साचते, वर साधं पाणी राहते आणि आपण वरचं चाखून म्हणतो कमी आहे, टाक अजून. बुडाला हात फिरवून पाहा, खरखर लागली तर अजून ढवळा.

काही जण म्हणतात पाणी आता मीठ घेत नाही. काऊन नाही घेत? 100 मिली पाण्यात 36 ग्रॅमपर्यंत मीठ मावते, म्हणजे 10 लिटरमध्ये साडेतीन किलो! पाणी गरम केलं तर लवकर विरघळते, पण जास्त काही मावत नाही.

मुठीनं अंदाज नको, वजन करा. अंडं तरंगेपर्यंत मीठ टाकायचा व्हिडिओ फिरते, त्याला 300 ग्रॅमच्या तीन-चारपट मीठ लागते, मग थोडं कमी भरलेलं धानही वर येते आणि ते फेकल्या जाते. अन् मधात पाणी कमी पडलं म्हणून नुसतं पाणी ओतू नका, त्याच मापानं मीठही टाका.

खाली बसलेलं धान धुवायचा कंटाळा तर सगळेच करतात. मीठ दिसत नाही म्हणजे गेलं, असं नसते. त्या मिठाच्या पाण्याचे चार थेंब ताटलीत वाळवा, पांढरे कण दिसतील. तेच धानावर राहिलं तर उगवण मार खाते. साध्या पाण्यानं दोन-तीनदा धुवा, सावलीत 24 तास वाळवा, बियाण्याला लावायचं औषध त्याच्यानंतर. उरलेलं खारं पाणी पऱ्ह्याच्या वाफ्यात नाही ओतायचं, पाणी उडून जाते, मीठ तिथंच राहते.

पोचट कोंबड्यांना टाकायचं असेल तर तेही धुऊन टाका. पाकिटातलं रंगीत, औषध लावलेलं बियाणं असेल तर ना मिठाचं पाणी, ना कोंबड्या.