शेततळ्याची खोदाई: या चुका टाळा, तासांचं बिल आवरा

उन्हाळा लागला की जत, आटपाडी, माण, खटावच्या माळावर मशिनांचा खडखडाट सुरू होतो. पावसाआधी तळं उरकायचं म्हणून सगळ्यांचीच घाई. पण बिल फुगतं ते बहुतेक वेळा मशीन यायच्या आधी न केलेल्या कामांमुळं.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे खाली काय आहे ते न बघता पोकलेन, म्हणजे खोदाईचं मोठं मशीन, बोलावणं. आपल्या माळरानात वर हातभर माती, मग मुरूम, त्याखाली मांजऱ्या, म्हणजे ठिसूळ खडक, आणि मग काळा पाषाण. शेजारच्या गटात पाषाण बारा फुटांवर लागला म्हणून तुमच्याकडंही तिथंच लागेल असं नाही, पाच फुटांवरही लागतो. तळ्याच्या जागेत मधोमध आणि दोन टोकांना चाचणी खड्डे घ्या, तेही पूर्ण खोलीपर्यंत. बकेटचे दात नुसतेच घासायला लागले तर तिथं ब्रेकर, म्हणजे खडक फोडायचं यंत्र, आला. ब्रेकरचा दर वेगळा आणि काम मुंगीच्या पावलानं. जागा थोडी सरकवून कधी कधी सुटका होते, पण ती खोदाईआधीच सरकवता येते.

मग मापाचा घोळ. 30 बाय 30 मीटरचं, 3 मीटर खोल तळं एकास एक उतारानं (मीटरभर खोलीला काठ मीटरभर आत) खोदलं तर तळाला 24 बाय 24 मीटर उरतं. माती निघते 2196 घनमीटर, म्हणजे साधारण 775 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). हे झालं जमिनीतलं माप. खोदलेला मुरूम फुगतो. पाव पटीनं फुगला तरी ट्रॉल्यांचं माप साडेनऊशे ब्रासच्या वर जातं. बोली ब्रासवर असेल तर खड्ड्याचं माप धरायचं की ट्रॉलीचं, हे आधीच लिहून घ्या. तोंडी बोलीवर बिलाच्या दिवशी हमखास वाजतं.

एवढ्या कामाला जेसीबी लावणारेही आहेत, का तर तासाचा दर कमी. जेसीबीची मागची बकेट पाव घनमीटरच्या आसपास, 20 टनी पोकलेनची जवळपास एक घनमीटर. आता तुम्हीच हिशेब करा. जेसीबी पाइपलाइनच्या चरीला आणि ट्रॉल्या भरायला ठीक. उलट बाजूनं, पोकलेन आणली आणि डंपर कमी पडले, तर ती इंजिन चालू ठेवून उभी राहते. मीटर मात्र पळतच असतो.

काठ ढासळतोय? बहुधा भिंत उभी खोदलीय, नाहीतर मातीचा ढीग अगदी कडेला टाकलाय. ढीग काठापासून किमान दीड मीटर लांब हवा. वाळवा, मिरजेकडच्या खोल काळ्या रानात एकास एक उतारही टिकत नाही, तिथं दीडास एक, म्हणजे मीटरभर खोलीला काठ दीड मीटर आत, धरा.

बांध पहिल्याच पावसात खचला, तर मुरूम एकदम लोटलेला असतो. वीतभर थर टाकायचा, पाणी मारायचं, दाबायचं, मगच पुढचा. तळ्यात अंथरलेला प्लास्टिकचा कागद गळत असेल तर तळाशी टोकदार दगड राहिलेत का बघा. कागद अंथरण्याआधी दगड वेचून मऊ मातीचा थर द्यावा लागतो. वरची कसदार माती सुरुवातीलाच वेगळी काढायला सांगा. ऑपरेटर आपणहून ते करत नाही, त्याला दोष देण्यातही अर्थ नाही.

मशीन अचानक संथ चालायला लागलं तर आधी बकेटचे दात आणि एअर फिल्टर बघायला लावा. मुरमाच्या धुळीत फिल्टर लवकर चोंदतो.

खोदाई बघायला अर्धं गाव जमतं, पोरं तर हटकून. पोकलेन गोल फिरते तेव्हा मागचं वजन कुठवर येतं हे ऑपरेटरला दिसत नाही. त्या घेराबाहेर दोरी बांधा. वरून विजेची तार जात असेल तर काम सुरू करण्याआधी महावितरणला कळवा.

आणि उरलेला मुरूम कुणी 'रस्त्याला नेतो' म्हणालं, तरी तहसीलची परवानगी आणि रॉयल्टीची पावती दिसल्याशिवाय शेताबाहेर एक ट्रॉलीही सोडू नका.