ॲनोरेक्सिया असलेल्या किशोरवयीनांसाठी एक्स्पोजर गट कसा चालवावा

ॲनोरेक्सिया नर्व्होसा, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणे फार कमी करण्याचा आजार, असलेल्या मुलामुलींना अन्नाची, वजनाची आणि लोकांच्या नजरेची जी भीती वाटते, तिला टप्प्याटप्प्याने सामोरे नेणारा गट सुरू करण्याआधी प्रत्येकाची वैद्यकीय तपासणी झालेली असावी. जागेपणी नाडी मिनिटाला 50 च्या खाली असेल, उभे राहताच रक्तदाब घसरत असेल किंवा रक्तातील पोटॅशियम वा फॉस्फेट कमी असेल, तर त्या मुलीला आधी रुग्णालयात पाठवावे. दीर्घ उपासमारीनंतर आहार एकदम वाढवला तर फॉस्फेट धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. म्हणून आहाराचे प्रमाण डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांनीच ठरवावे. या वयात जेवणाची जबाबदारी काही काळ आईवडिलांच्या हाती देणारा कुटुंबाधारित उपचार हाच पाया मानला जातो, आणि गट त्याला जोड म्हणूनच चालवावा. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, निपाणी किंवा चिकोडीकडच्या कुटुंबांना मानसोपचारतज्ज्ञ जवळ मिळाला नाही, तर धारवाडची डिमहान्स ही सरकारी मानसिक आरोग्य संस्था त्यांना सांगून ठेवावी. मूल अठरा वर्षांखालील असल्याने पालकांची लेखी संमती आवश्यक आहे, पण मुलाचा होकारही स्वतंत्रपणे घ्यावा.

गटात चार ते सहा जण पुरेत, आणि मध्येच नवा सदस्य घेऊ नये. वजनाचे आकडे, कॅलरी, कपड्यांची मापे आणि कमी खाण्याच्या युक्त्या यांचा उच्चार गटात होणार नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सांगावा. कारण या आजारात तुलना फार लवकर स्पर्धेत बदलते. गटाचे चालक दोन असावेत, आणि गटात मुलांसोबत जेवताना त्यांनीही तेच ताट पूर्ण खावे. स्वतःच्या डाएटविषयी बोलणाऱ्या व्यक्तीने हा गट चालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

भीतीची शिडी, म्हणजे भीती वाटणाऱ्या प्रसंगांची कमी भीतीपासून जास्त भीतीकडे जाणारी यादी, प्रत्येकाने स्वतः तयार करावी आणि प्रत्येक पायरीला भीतीचे 0 ते 100 असे गुण द्यावेत. वर्गमैत्रिणींसमोर डबा उघडणे, तूप-भात कालवून खाणे, लग्नाच्या पंगतीत आग्रहाने वाढलेला मांडा घेणे, शिंप्याकडे माप देणे, ‘आता तब्येत सुधारली हं’ हे मावशीचे वाक्य ऐकून घेणे, अशा पायऱ्या आपल्याकडे सहज निघतात.

शिडीतली पायरी प्रत्यक्ष करून पाहणे हा प्रयोग. प्रत्येक प्रयोगापूर्वी मुलीने आपले भाकीत लिहून काढावे. उदाहरणार्थ, ‘कुंदा (बेळगावची दुधाची मिठाई) एक वाटी खाल्ला की मला थांबताच येणार नाही.’ खाऊन झाल्यावर प्रत्यक्षात काय घडले, हे तिनेच सर्वांना सांगावे. भीती त्याच बैठकीत उतरलीच पाहिजे असा हट्ट धरू नये. भाकीत खोटे ठरले आणि भीती असूनही खाता आले, हे शिकणे अधिक टिकते. घास बारीक चिवडणे, पाणी पिऊन पोट भरणे, रुमालात अन्न लपवणे, जेवल्यावर फेऱ्या मारणे या सवयी प्रयोगाचा परिणाम पुसून टाकतात. म्हणून जेवणानंतर तासभर सर्वांनी एकत्र बसावे. एकच प्रयोग गटाच्या खोलीत, घरी, शाळेत आणि हॉटेलात करावा, कारण जागा बदलली की जुनी भीती परत येऊ शकते. घरी मराठी आणि शाळेत कन्नड बोलणाऱ्या मुलांनी भाकीत ज्या भाषेत मनात येते त्याच भाषेत लिहावे.

उपवासाची चौकशी मात्र सविस्तर करावी लागते. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र या दिवशी न खाणाऱ्या मुलीचे घरात कौतुक होते आणि आजार त्या कौतुकाआड वाढत राहतो. उपवास कधीपासून वाढले, फराळही टाळला जातो का, सुटल्यानंतर ती किती जेवते, हे पहिल्याच भेटीत विचारावे. श्रद्धेवर वाद घालू नये. आजाऱ्याला उपवासातून सूट असते हे घरातल्या वडीलधाऱ्यांना मान्य असते, म्हणून उपचार संपेपर्यंतची ती सूट शक्यतो आजीच्या तोंडूनच मुलीला सांगवावी. पुढे ‘एकादशीला सर्वांसमोर नेहमीचे जेवण’ ही तिच्या शिडीतली पायरी होऊ शकते.

एखाद्याचे वजन सतत घटत असेल, भोवळ येत असेल किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार बोलून दाखवले जात असतील, तर गट थांबवून त्याच दिवशी पालकांना आणि डॉक्टरांना कळवावे. मध्यरात्रीही बोलता येईल अशी टेली-मानसची 14416 ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत सरकारी फोन सेवा मराठीत आणि कन्नडमध्ये उपलब्ध आहे. तो क्रमांक पहिल्या बैठकीतच प्रत्येक पालकाच्या फोनमध्ये नोंदवून घ्यावा.