गाडीच्या दारातला जुना काळा गम कसा काढावा

काचेची मशीन बदलायला किंवा स्पीकर बसवायला दाराचं पॅड काढलं की आत प्लास्टिकचा पातळ कागद दिसतो आणि त्याच्या कडेनं फिरलेली काळी, चिकट वात. हे ब्युटाइल रबराचं सीलंट. ते वर्षानुवर्षं सुकत नाही, म्हणूनच पाणी अडवतं आणि म्हणूनच बोटांना, कपड्यांना, सीटला लागतं.

आधी किती काढायचं ते ठरवा. नवी ब्युटाइल पट्टीच लावणार असाल आणि जुना थर स्वच्छ, मऊ असेल, तर पत्र्यावर राहिलेला पातळ थर खरवडत बसू नका. ब्युटाइल ब्युटाइलला छान धरतं. जुन्या गमात धूळ-माती मिसळली असेल, आवाज कमी करणारी डॅम्पिंग शीट लावायची असेल किंवा दुसरं कुठलं चिकटवण वापरणार असाल, तरच पत्रा पूर्ण साफ करावा लागतो.

वेळ सकाळची निवडा, गाडी सावलीत हवी. मे महिन्यात दुपारी उन्हात उभ्या असलेल्या गाडीचा गम ओढला तर त्याचे हातभर धागे निघतात आणि जिथे नव्हता तिथेही लागतो. गार असताना तोच गम घट्ट राहतो आणि तुकड्यानं सुटतो. म्हणून हीट गन इथे नकोच. उलट हट्टी जागी बर्फाची पिशवी पाचेक मिनिटं धरा, ओल पुसा आणि लगेच कामाला लागा.

पॅड काढण्याआधी काच पूर्ण वर घ्या, इग्निशन बंद करा आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. दारात एअरबॅगचा सेन्सर असेल तर गाडीच्या पुस्तिकेत दिलेला वेळ थांबल्याशिवाय कनेक्टरला हात लावू नका. आतल्या पत्र्याच्या कडा धारदार असतात, त्यामुळे हातमोजे लागतातच. ते नायट्राइलचे घ्या. साधे लॅटेक्सचे टर्पेंटाइननं फुगून फाटतात.

प्लास्टिकचा कागद हिसकून ओढू नका. एका हातानं कागद हलकेच ताणून धरा आणि दुसऱ्या हातानं कटरचं पातं गमाच्या मधोमध, पत्र्याला न लावता फिरवा. कागद शाबूत राहिला तर तोच परत वापरता येतो. मग दारातल्या मोठ्या भोकांत जुनी फडकी कोंबा. गमाचे तुकडे आत पडले तर दाराच्या तळाशी असलेली पाणी जाण्याची भोकं बुजतात.

आता खरं काम. काढलेल्या गमाचा लिंबाएवढा गोळा करा. तो उरलेल्या थरावर दाबा आणि झटक्यात उचला; पुन्हा दाबा, पुन्हा उचला. गोळा आपल्याच जातीचा गम ओढून घेतो. घासू नका, घासल्यानं तो पसरतो. बहुतेक गम एवढ्यानंच निघतो, आणि ही पायरी सोडून थेट टर्पेंटाइन ओतणाऱ्यांचं काम तिप्पट वाढतं, कारण जाड थर विरघळून पातळ काळा चिखल होतो आणि तो दारभर फिरतो. कोपऱ्यात अडकलेल्या गमासाठी प्लास्टिकची पट्टी किंवा जुनं एटीएम कार्ड चालतं. लोखंडी पातं नको: रंगावर चरा पडला की दमट दारात तिथून गंज सुरू होतो.

शेवटची काळी झाक मिनरल टर्पेंटाइननं जाते. कापडाला लावून एखादं मिनिट दाबून धरा आणि एकाच दिशेनं पुसा. कापडाची बाजू सारखी बदलत राहा. रबरी पट्ट्यांना ते लागू देऊ नका, रबर फुगतं. पेट्रोल वापरू नका. दाराच्या पोकळीत वाफ साठते आणि एक ठिणगी पुरते. थिनर आणि ॲसिटोन ब्युटाइलवर फारसे चालत नाहीत, रंग आणि प्लास्टिक मात्र खराब करतात. टर्पेंटाइनचा तेलकटपणा राहिला तर नवं काहीच धरणार नाही, म्हणून शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून पत्रा पूर्ण सुकू द्या. वापरलेली फडकी उघड्यावर पसरून वाळवा, गाडीत कोंबून ठेवू नका.

बंद करण्याआधी तळाची भोकं तारेनं मोकळी करा. काचेवरून ओघळणारं पाणी थोडंफार दारात उतरणारच, दाराची रचनाच तशी असते. ते या भोकांतून बाहेर जातं आणि कागद त्याला केबिनमध्ये येऊ देत नाही. म्हणून नव्या पट्टीला कुठेही खंड नको. कडेची लांबी सुतळीनं मोजा, साधारण ८ मिमी जाडीची ब्युटाइल पट्टी सलग लावा, आणि जिथे टोकं मिळतात तिथे ती दोन बोटांच्या रुंदीइतकी एकावर एक चढवा. खालची कड मूळ जशी होती तशीच बसवा. काही गाड्यांत ती पत्र्याच्या आत खोचलेली असते. एअरबॅगचा दाब-सेन्सर असलेल्या दारात तर सील आणखी महत्त्वाचं, कारण तो पोकळीतल्या हवेचा दाब ओळखतो.

सिलिकॉन वापरायचा मोह टाळा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन पत्रा गंजवतं, आणि त्याचा थर राहिला की पुढच्या वेळी त्यावर काहीच चिकटत नाही.

पॅड बसवण्याआधी काचेवर बाहेरून पाइपनं ५ मिनिटं पाणी सोडा. पाणी दाराखालून बाहेर आलं आणि कागदाची केबिनकडची बाजू कोरडी राहिली, तरच पॅडच्या क्लिपा दाबा.