नेटवर्क मॅनेजमेंट सॉफ्टवेअर निवडायचंय? डेमोवर जाऊ नका, वायर उपटून बघा

डेमोत दाखवतात ते नेटवर्क विक्रेत्याचं असतं आणि ते कायम धडधाकट असतं. सगळे गोल हिरवे, नकाशा देखणा. पण हे सॉफ्टवेअर, म्हणजे नेटवर्कच्या उपकरणांवर नजर ठेवून बिघाड कळवणारं साधन, आपण घेतो ते नेटवर्क बंद पडतं त्या दहा मिनिटांसाठी. त्या दहा मिनिटांत ते कसं वागतं हे आपल्याच रॅकवर तपासल्याशिवाय कुठल्याही कोटेशनवर सही करू नका.

उदाहरण म्हणून चाकण एमआयडीसीतलं मध्यम आकाराचं युनिट धरू. दोन शेड आणि एक ऑफिसची इमारत. १ फायरवॉल, ८ स्विच (४ अठ्ठेचाळीस पोर्टचे, ४ चोवीसचे), २२ अ‍ॅक्सेस पॉइंट (वाय-फाय देणारे), ३ सर्व्हर, २ एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारे), २ यूपीएस, ४ हजेरीची मशीन, ३२ कॅमेरे आणि इंटरनेटच्या दोन लाइन. कॅमेरे सोडून ४२ उपकरणं, कॅमेरे धरून ७४.

१. यादी

उपकरण, मॉडेल, आयपी, जागा, एसएनएमपी (उपकरणाचे आकडे दुरून वाचण्याची पद्धत) चालतं की नाही. एक्सेलमध्ये एवढे पाच रकाने पुरतात.

स्विच, अ‍ॅक्सेस पॉइंट आणि फायरवॉल एकाच कंपनीचे असतील तर आधी त्या कंपनीचा कंट्रोलर, म्हणजे ती उपकरणं एका जागेवरून सांभाळणारं साधन, बघा. बऱ्याच छोट्या ऑफिसांचं काम त्यावरच भागतं. त्याची नजर मात्र स्वतःच्या कंपनीच्या मालाबाहेर फारशी जात नाही. यूपीएस आणि एनव्हीआर त्याला दिसत नाहीत. ते दिसायला हवे असतील तर पुढे वाचा.

२. कुठल्या प्रश्नाचं उत्तर हवंय?

‘लाइन किती भरली?’ याचं उत्तर एसएनएमपी देतं. ‘कोणी भरली?’ याचं देत नाही. त्याला नेटफ्लो किंवा एसफ्लो, म्हणजे कोणी कोणाला किती डेटा पाठवला याची नोंद, लागतं आणि ते तुमच्या फायरवॉलने पाठवलं पाहिजे. फायरवॉल फ्लो पाठवतच नसेल तर फ्लोच्या मॉड्यूलला पैसे देऊ नका. स्विचच्या कॉन्फिगरेशनचा बॅकअप हे तिसरं काम. ते ऑक्सिडाइज्डसारख्या मोफत साधनानेही होतं, तेवढ्यासाठी महागडी आवृत्ती घ्यायची गरज नाही.

३. परवाना कशावर मोजतात?

दोन कोटेशनांची थेट तुलना बहुतेक वेळा चुकते, कारण मोजण्याचं एकक वेगळं असतं. ऑपमॅनेजर या सॉफ्टवेअरमध्ये उपकरणं मोजतात. पीआरटीजीमध्ये सेन्सर मोजतात, आणि एक पोर्टची रहदारी म्हणजे एक सेन्सर, एक पिंग (उपकरण उत्तर देतं का ही तपासणी) म्हणजे आणखी एक. आपल्या युनिटमध्ये स्विचचे पोर्टच ४×४८ अधिक ४×२४ म्हणजे २८८ भरतात. ऑटो-डिस्कव्हरीने, म्हणजे सॉफ्टवेअरच्या आपोआप शोधाने, ते सगळे उचलले तर पीआरटीजीचे मोफत १०० सेन्सर दोन मोठ्या स्विचमध्येच जवळजवळ संपतात. प्रत्यक्षात नजर ठेवण्यासारखे पोर्ट कोणते? अपलिंकची (स्विच-स्विचना जोडणाऱ्या वायरची) दोन्ही टोकं, सर्व्हर, अ‍ॅक्सेस पॉइंट, एनव्हीआर आणि इंटरनेटच्या लाइन. ते पन्नासच्या आत बसतात. कर्मचाऱ्यांच्या पीसीचे पोर्ट मोजण्यात काही अर्थ नाही. ते रोज संध्याकाळी बंद होणारच. पीआरटीजी बनवणाऱ्या कंपनीचा स्वतःचा ढोबळ हिशोब एका उपकरणाला दहा सेन्सरचा आहे. तो धरला तर ४२ उपकरणांना ४२० सेन्सर होतात, म्हणून भाव ५०० सेन्सरचा मागवा.

झॅबिक्स आणि लिब्रेएनएमएस या सॉफ्टवेअरना परवान्याचे पैसे पडत नाहीत. पण लिनक्स सर्व्हर हाताळणारा माणूस तुमच्या पगारपत्रकावर नसेल तर ती निवडू नका, कितीही जणांनी सांगितलं तरी. एएमसीवाल्याने बसवून दिलेलं मोफत सॉफ्टवेअर तो माणूस नोकरी सोडून गेला की कोणी अपडेट करत नाही. माणूस असेल आणि काम मुख्यतः स्विच-राउटरचं असेल तर लिब्रेएनएमएस घ्या. सर्व्हर आणि डेटाबेसही त्यातच बघायचे असतील तर झॅबिक्स.

डिस्कची काळजी फार करू नका. पुढची वाढ धरून ६० उपकरणं, प्रत्येकी ४० आकडे, दर ५ मिनिटांनी, म्हणजे दिवसाला ६,९१,२०० नोंदी होतात. झॅबिक्समध्ये एका नोंदीला साधारण ९० बाइट धरतात. त्या हिशोबाने महिन्याचा कच्चा डेटा २ जीबीच्या आत राहतो.

४. ट्रायल, म्हणजे खरी परीक्षा

दोन सॉफ्टवेअर निवडा, तीन नको. दोन्ही एकाच वेळी तीन आठवडे चालवा आणि त्यात महिनाअखेर येऊ द्या, कारण रात्रीचे बॅकअप आणि महिनाअखेरचा ताण दिसल्याशिवाय कुठलीही मर्यादा ठरवता येत नाही. पहिला आठवडा फक्त आकडे जमू द्या, अलर्ट बंद ठेवा. ‘सीपीयू ८० टक्क्यांवर गेला की अलर्ट’ हा सगळीकडे मिळणारा सल्ला धोक्याचा आहे. बॅकअपच्या वेळी सर्व्हरचा सीपीयू ८० वर जाणं हे त्याचं कामच आहे. अलर्ट ‘सलग १५ मिनिटं ९० च्या वर’ असा लावा आणि तो मिटण्याची मर्यादा ७५ ठेवा, नाहीतर ८९-९१ च्या सीमेवर रात्रभर मेसेज येत राहतील.

दुसऱ्या आठवड्यात मुद्दाम बिघाड करायला लागा. गुरुवारी युनिट बंद असेल तर तोच दिवस धरा.

पहिला बिघाड: शेड २ ला जाणारा अपलिंक काढा. त्या स्विचच्या मागे ११ अ‍ॅक्सेस पॉइंट, १६ कॅमेरे आणि २ हजेरीची मशीन आहेत असं समजू. फोन हातात घ्या आणि मेसेज मोजा. यायला हवा एक: ‘शेड २ चा स्विच पोचत नाही’. काही सेट केलेलं नसेल तर तीस येतील. तीस मेसेज दोनदा आले की लोक तो ग्रुप म्यूट करतात, आणि मग खरा बिघाड होतो तेव्हा कोणीच बघत नाही. अशी बसवलेली सिस्टिम नसलेलीच बरी, कारण सगळ्यांना वाटतं की कोणीतरी लक्ष ठेवून आहे.

यावर उपाय म्हणजे पालक उपकरण सांगणं: हे ११ अ‍ॅक्सेस पॉइंट या स्विचच्या मागे आहेत. लिब्रेएनएमएस आणि पीआरटीजीमध्ये हे उपकरणाच्या पातळीवर लावता येतं. झॅबिक्समध्ये ते ट्रिगरच्या (अलर्टच्या एकेका अटीच्या) पातळीवर लावावं लागतं, त्याला जास्त वेळ द्या. आणि इथेच बहुतेक जण फसतात: पालक नीट लावूनही तीस मेसेज येतात. कारण साधं आहे. सॉफ्टवेअर सगळ्यांना एकाच क्षणी विचारत नाही. अ‍ॅक्सेस पॉइंटची पाळी स्विचच्या आधी आली तर त्या क्षणी त्याच्या लेखी स्विच चालू आणि अ‍ॅक्सेस पॉइंट बंद असतो, आणि मेसेज सुटतो. म्हणून स्विच दोन वेळा चुकला की अलर्ट द्या, त्याच्या मागच्या उपकरणांना चार वेळा चुकू द्या. पिंग दर मिनिटाला, बाकीचे आकडे दर ५ मिनिटांनी. असं लावल्यावर तीन मिनिटांच्या आत एकच मेसेज आला पाहिजे. दोन दिवस खटपट करूनही हे जमत नसेल तर ते सॉफ्टवेअर बाद करा, बाकी ते कितीही चांगलं असो.

मेसेजचा मजकूरही वाचा. ‘एसडब्ल्यू-२४-०३ डाउन’ हे रात्रपाळीच्या सुपरवायझरला काहीच सांगत नाही. प्रत्येक स्विचच्या एसएनएमपी सेटिंगमध्ये जागेचा रकाना असतो. त्यात ‘शेड २, पेंट शॉपच्या दाराशेजारचा रॅक’ असं भरा आणि तो मजकूर मेसेजमध्ये येतो का बघा.

दुसरा बिघाड: इंटरनेटच्या दोन्ही लाइन काढा. सॉफ्टवेअर आतच बसलेलं असेल तर ‘नेट गेलं’ हा मेसेज ते कुठून पाठवणार? ईमेल आणि टेलिग्राम दोन्ही अडकतात. सर्व्हरला सिमकार्डचा मोडेम जोडा, किंवा बाहेरच्या एखाद्या छोट्या सर्व्हरवरून आपल्या आयपीवर नजर ठेवा. एसएमएस गेटवेही त्या बाहेरच्या सर्व्हरवरूनच चालतो, पण त्यासाठी डीएलटीवर (टेलिकॉम कंपन्यांच्या एसएमएस नोंदणी पोर्टलवर) हेडर आणि टेम्प्लेट नोंदवावं लागतं. त्याचा वेळ आधीच धरा.

तिसरा बिघाड ‘बंद’ नसतो, नुसता आजारी असतो, आणि सगळ्यात जास्त मनस्ताप तोच देतो. स्विचच्या एका रिकाम्या पोर्टला हाताने १०० एमबीपीएस फुल डुप्लेक्स (एकाच वेळी दोन्ही दिशांना डेटा) लावा, जोडलेला पीसी ऑटोवर ठेवा. पीसीला वेग कळतो, डुप्लेक्स कळत नाही, म्हणून तो हाफवर (एका वेळी एकच दिशा) जातो. आता २ जीबीची फाइल कॉपी करा. पिंग छान चालेल आणि कॉपी रखडेल. पोर्टवर सीआरसी एररचा, म्हणजे खराब होऊन पोचलेल्या डेटाचा, आकडा चढू लागेल. सॉफ्टवेअरने तो आलेख स्वतःहून दाखवला पाहिजे आणि अलर्ट दिला पाहिजे. खराब पॅच कॉर्ड आणि उंदराने कुरतडलेली केबल पहिल्यांदा दिसते ती याच आकड्यात.

चौथी परीक्षा आलेखांची. १ जीबीपीएसच्या लिंकवरून ७०-८० जीबीची बॅकअप फाइल एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर पाठवा. दहा-बारा मिनिटं लागतील. आलेखात ९०० एमबीपीएसच्या आसपास रेघ दिसली पाहिजे. ती ११४ च्या वर जातच नसेल तर सॉफ्टवेअर ३२ बिटचा काउंटर, म्हणजे पोर्टमधून गेलेले बाइट मोजणारा आकडा, वाचतंय. तो काउंटर ४,२९,४९,६७,२९६ बाइटनंतर पुन्हा शून्यावर येतो. पूर्ण भरलेल्या १ जीबीपीएस लिंकवर हे ३४ सेकंदांत होतं, म्हणजे ५ मिनिटांच्या दोन वाचनांमध्ये तो आठ वेळा फिरून गेलेला असतो. असा आलेख दाखवून ‘लिंक तर रिकामी आहे’ असं साहेबांना सांगणं म्हणजे खोटा पुरावा देणं. ६४ बिटचा काउंटर एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीत मिळत नाही. उपकरण आवृत्ती २सी किंवा ३ वर आणा.

शेवटी एक स्विच रीस्टार्ट करा. दोन वाचनांच्या मध्ये तो बंद होऊन परत आला तरी सॉफ्टवेअरला ते अपटाइमवरून कळलं पाहिजे. एक लक्षात ठेवा: अपटाइमचा हा आकडाही ३२ बिटचा आहे आणि ४९७ दिवसांनी शून्यावर येतो. दीड वर्षाच्या आसपास ‘स्विच रीस्टार्ट झाला’ असा मेसेज आला तर यूपीएसला दोष देण्याआधी दिवस मोजा.

५. सुरक्षा

या सर्व्हरकडे तुमच्या प्रत्येक उपकरणाची किल्ली असते. डिसेंबर २०२० मध्ये सोलरविंड्स कंपनीच्या ओरायन या अशाच सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमध्येच घातक कोड घुसवल्याचं उघड झालं. तो अपडेट घेतलेले ग्राहक १८,०००च्या घरात होते. म्हणून नजर ठेवायला फक्त वाचण्याचा हक्क द्या, लिहिण्याचा नको. सर्व्हर वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या केलेल्या भागात) ठेवा आणि त्याला फक्त लागेल तेवढंच इंटरनेट द्या. एसएनएमपी २सीचा पासवर्ड, म्हणजे कम्युनिटी स्ट्रिंग, तारेवरून उघडा जातो. जी उपकरणं आवृत्ती ३ चालवू शकतात ती एसएचए (ओळख तपासणी) आणि एईएस (एन्क्रिप्शन) लावून तिच्यावरच आणा.

‘हे घेतलं की सर्ट-इनचं कामही झालं’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. सर्ट-इन ही केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था. तिच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग (उपकरणांनी केलेल्या घटनांच्या नोंदी) १८० दिवस ठेवायचे आहेत आणि ठरावीक सायबर घटना ६ तासांत कळवायच्या आहेत. नेटवर्कचे आलेख म्हणजे लॉग नव्हेत. फायरवॉल आणि सर्व्हरचे लॉग साठवायला सिसलॉगची (सगळे लॉग एका जागी गोळा करण्याची) सोय वेगळी करा, आणि सगळ्या उपकरणांची घड्याळं एनटीपीने जुळवा. तीन उपकरणांवर तीन वेळा असतील तर घटना कशी घडली ते मांडताच येत नाही.

६. कोटेशन

वार्षिक वर्गणी की कायमचा परवाना, आणि वर्गणी थांबली तर सॉफ्टवेअर चालू राहतं की बंद पडतं, हे लेखी घ्या. तीन वर्षांचा भाव आजच मागा. ५० उपकरणांचा परवाना असताना ५१ वं जोडलं तर काय होतं तेही विचारा. पुढचा टप्पा थेट १०० चा असू शकतो. जुना डेटा सीएसव्हीत बाहेर काढता येतो का, हे ट्रायलमध्येच करून बघा.

बिल चुकतं करण्याआधी दोन कामं उरकून घ्या. ट्रायलसाठी विक्रेत्याच्या माणसाने बनवलेलं अ‍ॅडमिन खातं काढून टाका. आणि एकेका स्विचवर जाऊन ‘पब्लिक’ ही कारखान्यातून आलेली कम्युनिटी स्ट्रिंग बंद झाली आहे का ते बघा. आठपैकी दोन-तीन ठिकाणी ती अजून चालू सापडण्याची शक्यता बरीच आहे.