हिमालयातल्या ट्रेकसाठी पाठीवरची छोटी सॅक कशी निवडायची

आपल्याकडे कोकणात रसाळगड, सुमारगड, महिपतगड करणाऱ्या बहुतेकांकडे कॉलेजची नाहीतर लॅपटॉपची एक सॅक असतेच, आणि हिमालयात पण तीच न्यायची असं ठरतं, उगाच खर्च कशाला. इकडे ती खपून जाते. तिकडे केदारकंठा साधारण 12,500 फूट, हम्पता पास 14,000 फूट, आणि मोठी सॅक एकदा खेचरावर चढवली की ती थेट संध्याकाळी कॅम्पवर भेटणार, म्हणजे मधे पाऊस आला, बर्फ पडला, डोकं दुखायला लागलं तर पाठीवर जे असेल तेवढंच आपलं.

त्यामुळे पहिलं काम दुकानात नाही, घरी. पलंगावर सगळं मांडा: दोन लिटर पाणी, जाड जॅकेट, पोंचो (अंगावरून घ्यायचा सैल रेनकोट), ग्लोव्हज, कानटोपी, गॉगल, सनस्क्रीन, हेडटॉर्च, औषधं, पॉवरबँक, ओळखपत्र, दुपारचा डबा, चघळायला फणसपोळी किंवा चिक्की. सगळं एका पिशवीत घालून वजन करा, पाच-सहा किलोच्या आसपास जातं (दोन किलो तर नुसतं पाणीच). एवढ्याला 25 ते 30 लिटरची सॅक बरोबर. 20 ची जॅकेट घातलं की फुगते आणि 40 ची घेतली की उरलेल्या जागेत आपण काहीतरी कोंबतोच, आईने दिलेला लाडवांचा डबा वगैरे.

आता पाठीचं माप, आणि इथे घाई नको कारण लोक लिटर बघतात, रंग बघतात, ब्रँड बघतात आणि पाठ विसरतात. मान खाली घातली की मानेच्या मुळाशी एक टणक मणका हाताला लागतो, तिथून टेप लावायची. मग दोन्ही हात कमरेवर ठेवून अंगठे मागे न्या, ते ज्या हाडावर टेकतात त्या रेषेपर्यंत पाठीच्या बाकावरून टेप खाली आणा. ही झाली तुमच्या पाठीची लांबी. उंचीवरून अंदाज करू नका, उंच माणसाची पाठ आखूड असू शकते. छोट्या सॅक बऱ्याचदा एकाच मापात येतात, म्हणून घालून बघण्याला पर्याय नाही, ऑनलाइन घेतलीत तर परत करता येते का ते आधी बघा.

दुकानात जाताना जाड जॅकेट घेऊन जा. रत्नागिरीत मे महिन्यात दुकानात उभं राहून जॅकेट घातलंत तर दुकानदार बघत राहील, बघू दे. सॅकमध्ये पाच-सहा किलो भरायला लावा, पाण्याच्या बाटल्या चालतील, आणि मग आधी कमरेचा पट्टा त्या हाडावर बसवून आवळायचा, नंतर खांद्याचे पट्टे, शेवटी छातीचा. वजन कमरेवर उतरलं पाहिजे. पट्टा म्हणजे नुसती पातळ पट्टी असेल तर ती सॅक हलू देणार नाही एवढंच, भार घेणार नाही. छातीचा पट्टा लावून खोल श्वास घ्या, अडकतोय असं वाटलं तर दुसरी बघा, कारण समुद्रसपाटीवर राहणाऱ्या आपल्याला 12,500 फुटांवर हवेचा दाब इथल्या दोन तृतीयांशाहून थोडा कमीच मिळतो, वर अजून पट्ट्याने छाती आवळायची म्हणजे कहरच.

पाठीला जाळी असलेल्या सॅक आपल्याला घामामुळे आवडतात. पण जाळीच्या फटीमुळे वजन पाठीपासून लांब जातं आणि बर्फात हवा खेळण्याचं तसं कौतुक नाही, माझं मत साध्या फोमच्या पाठीला.

ग्लोव्हज घालूनच झिपा उघडून बघा. झिपेला दोरीचा फास नसेल तर स्वतः बांधून घ्या. बाजूच्या खिशातली बाटली सॅक न काढता हाताला यायला हवी. पाइपवाली पाण्याची पिशवी थंडीत दगा देते, पाइपमधलं पाणी आधी गोठतं, म्हणून समिटच्या, म्हणजे माथा गाठायच्या दिवशी बाटलीच बरी, मोज्यात गुंडाळून उलटी ठेवा कारण बर्फ वरच्या बाजूने धरतो आणि बूच मोकळं राहतं.

रेनकव्हर असलं तरी वाऱ्याने उडतं आणि पाठीकडून पाणी शिरतंच. आतून एक जाड प्लास्टिकची पिशवी घाला, कपडे त्यात.

आणि खास आपल्या कोकणासाठी. माळ्यावरची जुनी सॅक नेणार असाल तर आतून हात फिरवा. चिकट लागली, पांढरट पापुद्रे बोटांना आले, आंबूस वास आला तर आतलं कोटिंग दमट हवेने गेलेलं आहे, ते पाणी अडवणार नाही. खाऱ्या वाऱ्याने धातूच्या झिपाही गंजतात. नवीन घेतलीत तर ट्रेकहून आल्यावर हाताने धुवा, मशीन नको, सावलीत पूर्ण वाळवा आणि प्लास्टिकमध्ये बांधून न ठेवता हवेशीर जागी टांगा. पावसाळ्यात ऊन पडलं की तासभर उघडी करून बाहेर ठेवायची.