कोरफडीच्या कुंडीखालचं भोक आधी बघा

आर्द्रा लागायच्या आत एक काम उरका. छोट्या कोरफडीच्या कुंड्या-पिशव्या एकेक करून आडव्या धरा आणि खालचं भोक बघा. बुजलं असेल तर खिळ्याने मोकळं करा. खाली बशी असेल तर ती आजच काढा.

उन्हाळाभर पाण्यावाचून तगलेली रोपं ऑगस्टात जातात, दरवर्षी. मागच्या पावसाळ्यात एका नर्सरीत टायगर कोरफड नुसती चिमटीत धरली, तर अख्खं झाड हातात आलं. वरून हिरवंगार, खाली मान (खोड मातीला टेकतं तो भाग) तपकिरी, बुळबुळीत, आणि वास थेट कांदाचाळीत सडलेल्या कांद्याचा. मालक म्हणाले, "काल तर चांगली होती." कसली चांगली! मुळं केव्हाच गेली होती. ही जात दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या भागातली, तिला आपली झड कुठून सोसणार? इगतपुरी-त्र्यंबककडच्यांनी तर छपराखालीच ठेवावी.

शेतातली काळी माती कुंडीत भरू नका. दोन घमेली चाळलेला मुरूम किंवा विटांचा चुरा, एक घमेलं माती, एक घमेलं कुजलेलं शेणखत. ओतलेलं पाणी मिनिटभरात खालून निघालं पाहिजे. नाही निघालं तर मुरूम वाढवा.

सड दिसली की दुकानदार रूट बूस्टर नाहीतर ह्युमिकची बाटली पुढे करतो. घेऊ नका. मुळाला हवाच नाही, तिथे टॉनिक काय करणार? सडलेलं रोप मातीसकट लांब टाका. शेजारच्या रोपांना कॉपर ऑक्सिक्लोराईड हे बुरशीनाशक, 10 लिटर पाण्याला 25 ग्रॅम, बुडाशी द्या. द्राक्षवाल्यांकडे ते उरलेलं असतंच. गर खायला वापरता त्या झाडाला मात्र हे नको. अर्धवट सडलेलं रोप स्वच्छ भाग लागेपर्यंत कापा, सावलीत पाच-सहा दिवस सुकवा, मग कोरड्या मुरमात खोचा. आठवडाभर पाणी बंद.

माझा ठोकताळा, पुस्तकातला नव्हे: कुंडी उचलून हलकी लागली तरच पाणी. आणि सलग तीन दिवस झड लागली की चौथ्या दिवशी अंगठ्याने प्रत्येक मान दाबून बघायची.

बाकीची कामं:
- मुनवे (बुडाशी फुटलेली पिल्लं) काढणं: उघडीप बघून, जखम सुकवून लावा
- शेतात: गादीवाफ्यावर, 60 × 60 सेंमी
- पिठ्या ढेकूण: निंबोळी तेल 10 लिटर पाण्याला 50 मिली, थोडा साबण, संध्याकाळी फवारा
- खत: पावसाळ्यात नाही

सप्टेंबरात चार दिवस ऊन पडलं की बशी परत ठेवावीशी वाटते. परतीचा पाऊस ऑक्टोबरातही गाठतो. तोवर ती माळ्यावरच राहू द्या.