अण्णांच्या केमोचे चौदा दिवस: घरच्यांनी काय करायचं

सगळ्यात आधी एक शंभर पानी वही घ्या. आमच्या अण्णांचा अन्ननलिकेचा कॅन्सर कळला तेव्हा तो लिव्हरपर्यंत पोचला होता. पुढचे आठ डोस आम्ही कराडच्या घरी त्या वहीच्या आधाराने काढले. ताप किती, जुलाब किती वेळा, पोटात काय गेलं, सोमवारी वजन किती, सगळं त्यात. डॉक्टर विचारतात, "कसं काय?" आणि अण्णांचं उत्तर ठरलेलं, "मजेत." मग मी वही पुढे करायचे.

पहिल्या भेटीत सरळ विचारा, ही केमो कशासाठी? आम्हाला उत्तर मिळालं: आजार मुळापासून जाणार नाही, पण गाठ आकसली तर गिळता येईल, त्रास कमी होईल, दिवस वाढतील. आई ते ऐकून बाहेर जाऊन बसली. तरी विचारलं ते बरं झालं, निदान खोट्या आशेवर जमीन विकायची वेळ आली नाही. बायोप्सीच्या तुकड्यावर हर-टू आणि पीडी-एल-वन या तपासण्या करायच्या आहेत का, तेही तेव्हाच विचारून घ्या. सोबत आणखी कुठलं औषध द्यायचं ते त्यावर ठरतं. आणि रेशनकार्ड, आधार घेऊन आधी दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला गाठा; महात्मा जोतिराव फुले योजनेत केमो बसते.

अण्णांना फॉलफॉक्स नावाची केमो होती: ऑक्सॅलीप्लॅटिन, फाइव्ह-एफयू आणि त्याचा जोर वाढवणारं ल्युकोव्होरिन. दर चौदा दिवसांनी एक डोस. ऑक्सॅलीप्लॅटिन पेशीच्या डीएनएला चिकटून तो मोडतं, फाइव्ह-एफयू नवा डीएनए बनू देत नाही. शेजारच्या बेडवर पॅक्लिटॅक्सेल-कार्बोप्लॅटिन चालू असेल, कुणाला गोळ्या असतील. त्यांचा कागद बघून आपला हिशेब लावू नका. केमोची गोळी गिळता येत नसेल तर घरी कुटून देऊ नका, डॉक्टरांना सांगा. अण्णांना पंप दिला तो याच कारणाने.

हा पंप बाळाच्या दुधाच्या बाटलीएवढा. आत फुगा, फुग्यात फाइव्ह-एफयू, आणि ते गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत बसवलेल्या पोर्टमधून, म्हणजे शिरेला जोडलेल्या छोट्या डबीतून, 46 तास थेंबथेंब जातं. आईने ब्लाउजपीसची पिशवी शिवली, ती अण्णा गळ्यात अडकवून अंगणात फिरायचे. फुगा हळूहळू बारीक होताना दिसला पाहिजे; दुसऱ्या दिवशीही तेवढाच दिसला तर फोन करा. पंप उन्हात ठेवायचा नाही, भिजवायचा नाही. छातीत दुखलं तर "गॅस झाला असेल" म्हणत थांबू नका. फाइव्ह-एफयूने हृदयाच्या रक्तवाहिन्या आवळू शकतात. नळीची चिमटी कशी लावायची ते सिस्टरकडून आधीच शिकून घ्या, ती लावा आणि लगेच दवाखाना गाठा. डोसनंतर दोन दिवस लघवी-उलटी साफ करताना हातमोजे घाला, संडासात दोनदा पाणी सोडा.

आता गारठ्याचं. हे आम्हाला कुणीतरी सांगितलं असणार, पण त्या दिवशी डोक्यात काही शिरत नव्हतं. पहिल्या डोसच्या दुसऱ्या दिवशी बहिणीने माठातलं पाणी दिलं. एक घोट घेतला आणि अण्णांनी गळा धरला. श्वास कोंडल्यासारखा चेहरा, डोळे मोठे. ऑक्सॅलीप्लॅटिनने घशातल्या नसा थंडीला अशा बिथरतात. ऊब मिळाली की ओसरतं, पण ती पाच मिनिटं आम्ही विसरलेलो नाही. तेव्हापासून आठवडाभर सगळं कोमट. सकाळी नळाला हात लावायचा नाही, स्टीलचा तांब्या फडक्याने धरायचा, फ्रिज उघडायचा तो आम्ही. तोंड येऊ नये म्हणून बर्फ चोखा, असं डे-केअरमध्ये, म्हणजे केमो देतात त्या वॉर्डात, कुणी सांगेल. ऑक्सॅलीप्लॅटिनवाल्यांनी तो सल्ला सोडून द्यावा. कोमट पाण्यात मीठ आणि खायचा सोडा टाकून दिवसातून चार-पाच गुळण्या पुरतात.

खाणं हे या आजारात निम्मं औषध. सुरुवातीला नाकातून नळी होती. दर दोन तासांनी पेल्याभराएवढं, गाळून: नाचणीची पेज, वरणाचं पाणी, दूध, डाएटिशियनने दिलेली पावडर. आधी आणि नंतर कोमट पाण्याने नळी धुवायची, नाहीतर ती चोंदते. पेशंटला उशा लावून बसवूनच द्या, आणि नंतर तासभर आडवं होऊ देऊ नका. नाकापाशी नळीवरची खूण सरकलेली दिसली किंवा खोकला लागला तर थांबा. तिसऱ्या डोसनंतर अण्णांनी तोंडाने पेज प्यायली, पाचव्यानंतर भाकरीचा दुधातला काला. वजन नीट धरून ठेवा. औषधाची मात्रा उंची-वजनावरून काढतात.

दुसऱ्या आठवड्याकडे लक्ष द्या. पांढऱ्या पेशी तेव्हा तळाला जातात. थर्मामीटर 100.4 फॅरनहाइट दाखवेल त्या क्षणी निघायचं, रात्रीचे दोन वाजले असले तरी. स्वतःच्या मनाने क्रोसिन देऊन ताप झाकू नका. अण्णांनी एकदा गोधडीत गुरफटून ताप लपवला, "उगाच पोरांची झोपमोड" म्हणून. चार दिवस ॲडमिट, शिरेतून अँटिबायोटिक, आणि पुढचा डोस आठवडाभर लांबला. डोस लांबला म्हणून रडू नका. पांढऱ्या पेशींचा काउंट कमी असताना रेटण्यापेक्षा ते बरं.

ऑक्सॅलीप्लॅटिनने बोटांच्या नसांनाही त्रास होतो; त्या मुंग्या दोन डोसांच्या मधे जातात की राहतात, हेही वहीत लिहा. आठव्या डोसच्या वेळी डॉक्टरांनी अण्णांना शर्टाची बटणं लावायला सांगितली. अण्णा तिसऱ्या बटणाशी अडकले, हसले, म्हणाले, "काजं लहान झालीत." डॉक्टरांनी तिथेच ऑक्सॅलीप्लॅटिन बंद केलं आणि नुसता पंप चालू ठेवला.